शेपटी धरणारा हात

सांगली,
३ जून १९७८

ती. अक्कास,
कृष्णातचा साष्टांग नमस्कार.

पत्र हातात पडलं की आधी दाजींना टीव्हीवरचं फडकं काढायला सांग. येत्या गुरुवारी संध्याकाळी, लहान मुलांच्या वेळात, माझं ‘ठकी आणि फडूदादा’ सुरू होतंय. दर गुरुवारी एक गोष्ट. बालवाडीतल्या पोरांसाठी आहे, म्हणजे तू शिकवतेस त्याच पोरांसाठी म्हण.

तुला वाटेल, हा स्वतःच का बघत नाही? कुठनं बघू? घाटाच्या पलीकडं तुम्हाला खंडाळ्यात पुण्याचं चित्र दिसतं. आमच्या सांगलीत डबा आणून ठेवला तर नुसत्या मुंग्या दिसतील. हळदीच्या पेठेत पाट्या रंगवत फिरतो तर जो तो विचारतो, “पेंटर, तुमचं मुंबईचं काम कवा दिसणार?” मी सांगतो, खंडाळ्याला जावा, माझी बहीण दाखवेल.

सगळा हिवाळा मुंबईत टीव्हीच्या साहेबांच्या खोलीत काढला. पुठ्ठ्याची ठकी, पुठ्ठ्याचा नाग, सांध्यासांध्याला दोरा. कॅमेऱ्याखाली मांडायचं, फोटो घ्यायचा, केसभर सरकवायचं, पुन्हा फोटो. दिवसभर मान मोडून बसलं की संध्याकाळपर्यंत नाग एकदा डोलतो. तुकडे मला भिंतीवर दाखवले, पण मुके. गाण्यासकट, पोरांच्यात बसून मी ते अजून पाहिलेलं नाही. तेव्हा माझे डोळे तू हो.

फडूदादा कुठला ते तुला सांगायला नको. पंचमीला आपले आबा नाग धरून मडक्यात ठेवायचे, त्यातलाच तो. साहेबांना मी म्हणालो, ससे आणि माकडं सगळेच काढतात. आमच्या शिराळ्यात पोर वाटीभर दूध घेऊन नागापुढं बसतं, तेच काढू. साहेबांनी टेबलावर थाप मारली. अक्का, मला कुणी असं पहिल्यांदाच म्हणालं की तुझ्या गावात काहीतरी आहे.

पोरं कुठं हसतात, कुठं भितात, कुठं कंटाळतात, सगळं लिही. खोटं कौतुक नको.

मनू आता चार वर्षांची झाली. “आत्याच्या डब्यात बाबांचा नाग हाय,” असं गल्लीभर सांगत सुटते. रंगू बरी आहे.

तुझा,
कृष्णात

खंडाळा,
१० जून १९७८

चि. कृष्णात यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

अरे गड्या, जिंकलंस! आमच्या ओसरीवर गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बालवाडीची सगळी पोरं, त्यांना आणायला आलेल्या आया, आयांना शोधत आलेल्या सासवा. ह्यांनी पलटणीतल्या शिस्तीनं पोरांच्या रांगा लावल्या. ठकी आली तोवर सगळ्या रांगा मोडल्या होत्या.

फडूदादानं फणा काढला तेव्हा दोन पोरं रडली. मग ठकी म्हणाली, “फडूदादा, फडूदादा, डोल ना रे,” आणि तो डोलायला लागला, तशी तीच दोन पोरं सगळ्यात मोठ्यांदा हसली. आता बालवाडीत प्रार्थनेआधी ते गाणं म्हटल्याशिवाय कुणी मांडी घालत नाही. मीच शिकवलं.

एकीचं सांगते. माणदेशातनं मेंढरं घेऊन यायचे ते एक धनगराचं कुटुंब आता आमच्या माळाला शेत करून राहिलंय. बनाबाई तिचं नाव. तिची हरणी मनूएवढीच आहे. बोलत नाही फारसं, शेळीच्या करडाशी मात्र तासभर बोलते. गोष्ट संपली, सगळी गेली, ही उठेना. मग उठली आणि डब्याच्या मागं जाऊन बघायला लागली, फडूदादा कुठं गेला म्हणून. ह्यांनी कडेवर घेतली तर म्हणते, “त्यो आमच्या ताटीत ऱ्हातो?” त्यांच्या शेताच्या दगडी कुंपणाला ती ताटी म्हणते. ह्यांना हसू आवरेना.

हे मात्र रात्री जेवताना म्हणाले, “तुझ्या भावानं नाग इतका गरीब कशाला काढलाय?” मी म्हटलं, तुम्ही पडला इकडचे, तुम्हाला शिराळ्याचं काय कळणार.

मनूला गोड पापा.

अक्का

सांगली,
२० जून १९७८

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

तुझं पत्र मी पेठेत चार दुकानांत वाचून दाखवलं. रंगू म्हणते, आता त्याला चौकट करून लावा. हरणीचं वाचून तर मला भरून आलं. एक पोर डब्याच्या मागं जाऊन शोधतं, म्हणजे पुठ्ठ्यात जीव आला म्हणायचा.

दाजींना म्हणावं, लढाईवर जाऊन आलेला माणूस पुठ्ठ्याच्या नागाला भितो होय! आपण दोघं पंचमीला नागापुढं बसायचो तेव्हा आपल्याला काय झालं? शिराळ्याचा नाग आपल्या माणसाला डसत नाही, असं आपली म्हातारी माणसं उगीच म्हणत नाहीत. मुंबईच्या पोराला झुरळ दिसलं तरी ते कॉटवर चढतं. भीती घालवणारं काहीतरी माझ्या हातून झालं, हे मला फार मोठं वाटतं.

पाचव्या गोष्टीकडं नीट लक्ष दे. ठकी बिळापुढं वाटी ठेवते, गाणं म्हणते, फडूदादा बाहेर येतो, ती त्याच्या फण्यावरून हात फिरवते आणि तो मान खाली घालतो. ती मान खाली घालायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. माझ्या हातून याच्यापेक्षा चांगलं काही झालं नाही. पोरं काय करतात ते लगेच कळव.

तुझा,
कृष्णात

खंडाळा,
१७ जुलै १९७८

चि. कृष्णात यास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पावसानं टीव्हीची काठी पडली आणि डबा बिघडला. पाचवी गोष्ट दिसली नाही. पुढच्याही दिसतील असं वाटत नाही.

पंचमीला मी शिराळ्याला येणार नाही. तब्येत बरी नसते.

एक विचारू? पुढच्या गोष्टींत नागाच्या जागी दुसरं काही घेता येईल का? कासव चांगलं दिसेल. पोरांना कासव आवडतं.

मनूला जप.

अक्का

सांगली,
१४ ऑगस्ट १९७८

ती. अक्कास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. रागाचं लिहू नये असं रंगू म्हणत होती म्हणून इतके दिवस थांबलो. काठी पडली तर दाजींना उभी करता येत नाही? वायरलेसवर नोकरी केलेला माणूस! मला कळतं, अक्का. दाजींना ते पहिल्यापासून रुचलं नव्हतं. मेहुणा पाट्या रंगवतो तोवर ठीक होता. आता चार माणसं नाव घेतात, ते सोसवत नाही. कासव म्हणे!

असो. आम्ही पंचमीला शिराळ्याला जाऊन आलो. तात्याकाकांनी यंदा चांगला वीतभर फण्याचा नाग धरला होता. मनू तर न सांगता पुढं गेली, त्याच्यासमोर बसली, “फडूदादा, डोल ना रे” म्हणाली आणि हात लांब केला. तात्याकाकांनी हसत हसत तिला मागं ओढलं. म्हणाले, “लेक आबाच्या वळणावर गेली.” मला फार अभिमान वाटला.

साहेबांचं पत्र आलंय, दिवाळीनंतर नव्या गोष्टी करायच्या आहेत. त्याआधी मनूला तुझ्याकडं महिनाभर ठेवायचं म्हणतो. डबा दुरुस्त करून घ्या. बापाचं काम तिनं तरी बघू दे. आणि तुझ्या माळावरच्या हरणीशी तिची गट्टी जमेल. पुढच्या आठवड्यात रंगू तिला एस.टी.नं घेऊन येईल.

कृष्णात

खंडाळा,
१८ ऑगस्ट १९७८

कृष्णात,

मनूला पाठवू नकोस. हे आधी वाच आणि मग बाकीचं.

डबा बिघडलेला नाही. काठीही पडलेली नाही. मी खोटं लिहिलं.

पाचवी गोष्ट सगळ्यांनी बघितली. ठकीनं फण्यावरून हात फिरवला तेव्हा ओसरी इतकी गप्प झाली होती की पागोळ्यांचा आवाज येत होता. हरणी माझ्या मांडीवर होती. तिनं माझ्याच हातावरून हात फिरवला, तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बना शेळ्यांची धार काढत होती. हरणीनं वाटी पुढं केली, हिनं तीत दूध घातलं. रोजचंच होतं. ती वाटी घेऊन दगडी ताटीकडं गेली. बनानं गाणं ऐकलं. “फडूदादा, फडूदादा.” करडाला म्हणून दाखवते आहे असं तिला वाटलं आणि ती हसली. मला हे तिनंच सांगितलं, की मी हसले.

हरणी आपलाच हात धरून परत आली. रडत नव्हती. म्हणाली, “आये, फडूदादा आला, पर रुसला.” बनाला वाटलं, दगड लागला. थोड्या वेळानं पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या, झोप आल्यासारख्या. तेव्हा तिनं हात नीट बघितला. आधी देवळात नेलं. मग ह्यांना कळलं, हे पळत गेले, कांद्याचा ट्रक थांबवला. पोरगी ह्यांच्या मांडीवर होती. दवाखाना यायच्या आत श्वास थांबला. लढाईत माणसं गेलेली बघितलेला माणूस, चार दिवस जेवला नाही. आणि तू त्यांच्याबद्दल काय लिहिलंस ते मी त्यांना दाखवलेलं नाही.

मी तुला का सांगितलं नाही? तुझी आनंदाची पत्रं येत होती. आयुष्यात पहिल्यांदा तुला कुणी चांगलं म्हणत होतं. वाटलं, गोष्टी संपतील, सगळं आपोआप विसरलं जाईल. मग तू मनूचं लिहिलंस आणि मी हे लिहायला बसले.

कितीतरी दिवस मला कळत नव्हतं की चुकलं कुठं. आपण नाही का बसलो नागापुढं? मग एकदा डोळे मिटून आबांना आठवलं. आपण वाटी ठेवायचो तेव्हा आबा कुठं असायचे? मागं. त्यांच्या मुठीत शेपटी असायची. तांब्याची अंगठी घातलेला तो हात एकदाही सुटला नाही. आपण जरा पुढं सरकलो की “मागं व्हा” म्हणून ओरडायचे. तो हात कायमच तिथं होता, म्हणून आपल्याला कधी दिसलाच नाही. तात्याकाकांनी मनूला मागं ओढलं, तेही तू हसण्यावारी नेलंस.

तुझ्या चित्रात शेपटी धरणारा हात नाही, कृष्णात. तू काढलाच नाहीस. ह्यांना ते पहिल्याच दिवशी दिसलं, कारण हे शिराळ्याचे नाहीत. मी शिराळ्याची, मला दिसलं नाही. गाणंही मीच शिकवलं.

आता ओसरी बंद केली आहे. पण बना आली पुढच्या गुरुवारी. म्हणाली, “ताई, लावा की. तिला लय आवडायचं.” तिला वाटतं, देवानं नेली. टीव्हीचा आणि त्याचा काही संबंध तिच्या डोक्यात नाही. दार लावून मी तिला एकटीला दाखवते. ती उंबऱ्याला टेकून बसते. फडूदादा तुझ्या हातचा, हे तिला माहीत नाही.

हे बंद कर. कसंही कर, पण बंद कर.

अक्का

सांगली,
२५ सप्टेंबर १९७८

अक्का,

उत्तराला महिना लागला. पत्र रंगूला वाचायला दिलं. तिनं मनूला जवळ घेतलं ते दोन दिवस सोडलं नाही.

मुंबईला गेलो होतो. साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. ऐकताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, “पेंटर, एका पोरीचं फार वाईट झालं. पण साप चावून पोरं आधी मरत नव्हती का? आणि इतकी पोरं खूश आहेत, त्यांचं काय?” गोष्टी आता त्यांच्याही हातात नाहीत. दसरा झाला की पहिल्यापासून पुन्हा लागणार आहेत.

मी म्हटलं, निदान वाटीची गोष्ट पुन्हा करू. फुकट करतो. तिथंच बसून पुठ्ठ्याचा हात कातरला. आबांचा, अंगठीसकट. नागाच्या शेपटीवर ठेवून दाखवला. साहेबांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, “पोरं विचारतील, हात कुणाचा? गोष्ट मोडेल.” मी म्हटलं, मोडू दे. ते म्हणाले, तुम्ही घरी जा, विश्रांती घ्या. नव्या गोष्टींना त्यांनी दुसरा पोरगा बघितलाय. माझ्याच नागावरून गिरवतोय, चांगला हात आहे त्याचा.

कातरलेला हात घेऊन परत आलो. मला काम नको आहे आता. पाट्यासुद्धा रंगवाव्याशा वाटत नाहीत. पेठेत कुणी विचारलं की दुसऱ्या गल्लीनं जातो.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी येतो. बनाबाईला मी स्वतः सांगणार आहे. दाजींना म्हणावं, मला माफ करा. समोर आल्यावर पायावर डोकं ठेवीन.

कृष्णात

खंडाळा,
१४ ऑक्टोबर १९७८

चि. कृष्णात यास,

ताट तसंच ठेवून निघालास. ह्यांनी एस.टी. स्टँडपर्यंत बघितलं, तू निघून गेला होतास.

ओसरी मी पुन्हा का उघडली, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आमच्या घरी बंद ठेवलं तर पोरं किराणा दुकानात जाऊन बघतात. तिथं त्यांना कोण काय सांगणार? त्यापेक्षा माझ्यापुढं बसू देत.

तू बनाशेजारी बसून तुझं काम पहिल्यांदा बघितलंस. मी डब्याकडं बघत नव्हते, तुझ्याकडं बघत होते. फडूदादा डोलायला लागला तेव्हा तुझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती. बना तुला म्हणाली, “दादा, तुमाला बी लेकरू हाय का?” तू मान हलवलीस, आणि उठून गेलास. जे सांगायला आला होतास ते सांगितलं नाहीस. मला ते समजतं. पण कृष्णात, मी ते माफ केलेलं नाही.

तू गेल्यावर मी सांगितलं. कुणी काढला, कुणाच्या हातचा, माझा कोण लागतो, सगळं. आणि हरणी ती गोष्ट बघून वाटी घेऊन गेली, हेही. बोलताना मला वाटत होतं, ही आता डबा फोडेल. फोडावा असंही वाटत होतं.

बनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “पुठ्ठ्याचा नाग हालवतोय न्हवं तुमचा भाऊ? मग माजी हरणी बी हालती करून दे म्हनावं. आमी तिचा फोटू काढल्याला न्हाई.”

तेवढंच म्हणाली आणि शेळ्या बांधायला गेली.

अक्का

सांगली,
३० ऑक्टोबर १९७८

अक्का,

पार्सल एस.टी.नं पाठवलंय, दाजींच्या नावानं.

हरणीला मी पाहिलेलं नाही. म्हणून मनूला अंगणात चालायला लावलं, वाटी धरायला लावली, आणि तिच्यावरून कातरली. ती हसत होती. मला समोर नीट दिसत नव्हतं. परकराचा रंग तू बोलता बोलता सांगितला होतास तोच दिलाय. खांदा, कोपर, गुडघे सगळे दोऱ्यावर आहेत. मागची काडी धरून सरकवली की चालते.

पण हात कसाही हलवला तरी तो पुढंच जातो, वाटी ठेवल्यासारखा. दोनदा मोडून केला, तिसऱ्यांदाही तसाच झाला. म्हणून सोबत आबांचा हात पाठवलाय. तो मागून आणला की पोरीच्या कमरेला बसतो आणि तिला उचलून घेतो. बनाबाईला सांग, असं करायचं. तिला निदान पुठ्ठ्यात तरी वाचवता येईल.

मला याहून दुसरं काही येत नाही.

कृष्णात

खंडाळा,
११ नोव्हेंबर १९७८

चि. कृष्णात यास,
आशीर्वाद.

पार्सल दिवाळीत पोचलं. बनाला बोलावून दिलं. तिनं हरणी मांडीवर घेतली आणि काडीनं चालवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. नाक तसं नाही म्हणाली, चाल मात्र तशीच आहे. मग मी आबांचा हात पुढं केला, तू लिहिलंस तसं उचलून दाखवलं. तिनं माझ्या हातातनं तो काढून बाजूला ठेवला.

“ह्यो नगं,” म्हणाली. “तवा कुनी न्हवतं तिथं. मी हुते, आन् हसत हुते. खोटं कशाला करायचं?”

हरणी तिनं चोळीच्या कापडात गुंडाळून नेली. आबांचा हात माझ्याकडंच राहिला असं मला वाटलं होतं. पण उंबऱ्यापाशी थांबून वळली आणि तोही मागून घेतला.

परवा गुरुवारी वाटीची गोष्ट पुन्हा लागणार होती. मी ठरवलं होतं की मध्येच डबा बंद करायचा. पोरं बसली होती, हे दारात उभे होते. ठकीनं बिळापुढं वाटी ठेवली. मी बटणाकडं हात नेला तर बना मागून उठून आली, म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ताई.” डब्याच्या कडेला उभी राहिली. फडूदादा बिळातनं बाहेर आला, तसा तिनं आबांचा हात काचेवर ठेवला, बरोबर त्याच्या शेपटीवर. तो पुढं सरकला की हीही हात सरकवायची. नाग डोलत होता आणि पाठीमागून हातानं त्याला घट्ट धरलं होतं. इतक्या वर्षांत मी पंचमी विसरले होते, कृष्णात. ती तशी असायची.

पोरं चुळबुळायला लागली. किराणावाल्याची धाकटी उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं, “बनामावशी, हात कुनाचा?”

“माजा,” बना म्हणाली. “आन् ह्यो हात दिसत न्हाई तवर कुनी म्होरं जायाचं न्हाई.”

पोरांनी हो म्हटलं. गोष्ट संपेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.

अक्का